जपानमध्येच राहून गेलेले जुने गेम : निवड कशी करावी, खेळावे कसे आणि अधिकृत भाषांतर मागावे कसे

निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचे यंत्र, १९८३ साली जपानच्या बाजारात आला. तेव्हापासून पुढच्या वीस-एक वर्षांत तिथे तयार झालेल्या व्हिडिओ गेमचा बराच मोठा भाग जपानबाहेर कधी गेलाच नाही. उड्यांचे, मारामारीचे, शर्यतींचे गेम बाहेर पाठवणे स्वस्त पडे, कारण त्यांत वाचायला फारसे काही नसे. ज्यांत कथा होती, संवाद होते आणि तासन्‌तास वाचावा लागणारा मजकूर होता, ते मागे पडले. यातून एक विचित्र परिस्थिती निर्माण झाली. ज्यांचे लेखन सर्वांत चांगले होते, त्यांतलेच अनेक गेम जगाला वाचता आले नाहीत.

अशा गेमची नावे कानावर आली आहेत, पण सुरुवात कुठून करावी हे ठाऊक नाही, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. भाषांतर म्हटले की इथे इंग्रजी भाषांतर अभिप्रेत आहे. हे गेम मराठीत येण्याची चिन्हे आज तरी दिसत नाहीत, त्यामुळे एका परक्या भाषेतली गोष्ट आपण दुसऱ्या परक्या भाषेतून वाचणार आहोत, हे धरून चालावे. कोणत्या गेमला अधिकृत भाषांतर मिळायला हवे, हे त्याच्या प्रसिद्धीवरून ठरवू नये असे माझे मत आहे. जपानी न येणाऱ्या माणसाच्या हातून त्या गेममधले किती निसटते, हे पाहून ते ठरवावे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच धोरणाने लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : तो गेम आधीच आला आहे का, ते पाहा

नवखे लोक बहुधा इथेच घाई करतात. जुन्या याद्यांमध्ये ‘फक्त जपानमध्ये उपलब्ध’ असे ज्यांच्यापुढे लिहिलेले आढळते, त्यांतले कित्येक गेम गेल्या काही वर्षांत अधिकृतपणे इंग्रजीत आले आहेत. फॅमिकॉमनंतरच्या सुपर फॅमिकॉमवरचा ‘सेइकेन देन्सेत्सू ३’ हा १९९५ सालचा गेम २०१९ साली ‘ट्रायल्स ऑफ माना’ या नावाने निन्टेन्डो स्विचवर आला आणि पुढच्याच वर्षी त्याची नव्याने बांधलेली आवृत्तीही निघाली. ‘लाइव्ह अ लाइव्ह’ १९९४चा. त्याची इंग्रजी आवृत्ती २०२२ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी आली. उपग्रहावरून प्रसारित होणाऱ्या सॅटेलाव्ह्यू सेवेसाठी १९९६ साली केलेला ‘रॅडिकल ड्रीमर्स’ हा जवळजवळ संपूर्णपणे मजकुराचा गेम कधी बाहेर येईल असे कोणाला वाटले नव्हते, पण तो २०२२ साली ‘क्रोनो क्रॉस’च्या नव्या आवृत्तीसोबत आला. प्लेस्टेशनवरचा १९९७चा ‘मून’ २०२० साली आला. कॅपकॉमच्या वकिली मालिकेतला ‘ग्याकुतेन केन्जी २’ हा २०११चा गेम सप्टेंबर २०२४मध्ये अधिकृत इंग्रजीत उपलब्ध झाला.

शोध घेताना नावांचा गोंधळ लक्षात ठेवावा लागतो. बाहेर येताना गेमचे नाव बहुतेक वेळा बदलते: ‘दाइ ग्याकुतेन साइबान’चे ‘द ग्रेट एस ॲटर्नी’ झाले, ‘झेरो नो किसेकी’चे ‘ट्रेल्स फ्रॉम झिरो’ झाले. आकडेही बदलतात. अमेरिकेत १९९१ साली ‘फायनल फँटसी २’ म्हणून विकला गेलेला गेम मुळात चौथा आहे आणि १९९४ साली तिसरा म्हणून आलेला गेम मुळात सहावा आहे. म्हणून जपानी नाव, इंग्रजी नाव, मूळ कन्सोल आणि मूळ वर्ष अशा चार गोष्टी वहीत टिपून ठेवाव्यात आणि चारही जुळल्याशिवाय तो हाच गेम असे मानू नये.

खरेदीच्या बाबतीत भारतातल्या वाचकाला सर्वांत सोयीचे दुकान म्हणजे संगणकावरच्या गेमचे ऑनलाइन दुकान स्टीम. तिथे किमती रुपयांत असतात आणि वर सांगितलेले ‘लाइव्ह अ लाइव्ह’, ‘मून’, ‘ट्रायल्स ऑफ माना’ची नवी आवृत्ती, ‘ट्रेल्स फ्रॉम झिरो’ आणि कॅपकॉमचे वकिली संच तिथे मिळतात. निन्टेन्डोने भारतासाठी स्वतंत्र ई-शॉप (तिचे ऑनलाइन दुकान) काढलेले नाही, त्यामुळे स्विच बाळगणारे आपले खाते दुसऱ्या एखाद्या देशाचे ठेवतात आणि आपली कार्डे तिथे अनेकदा चालत नसल्याने त्या देशाचे प्रीपेड कोड विकत घेतात. कोड घेताना विक्रेता नीट पारखून घ्यावा.

आलेला गेम कायमचा आला असेही समजू नये. ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेतला पहिला, १९९० सालचा गेम निन्टेन्डोने डिसेंबर २०२०मध्ये प्रथमच इंग्रजीत आणला आणि ३१ मार्च २०२१ रोजी विक्रीतून काढूनही घेतला. एवढी मेहनत घेऊन केलेले भाषांतर चार महिन्यांत बंद करण्यामागचा व्यापारी हिशेब मला आजही पटलेला नाही. जे हवे आहे ते विक्रीत असेपर्यंत घ्यावे, इतकाच धडा आपल्या हातात उरतो.

दुसरी पायरी : उरलेल्यांतून निवड करा

आलेले गेम वगळल्यावरही यादी लांबच राहते. तिला कात्री लावण्यासाठी प्रत्येक गेमपुढे एकच प्रश्न ठेवावा: मजकूर एकही अक्षर न समजता हा खेळला, तर हाती काय लागेल? जवळजवळ सगळे लागत असेल, तर तो भाषांतरासाठी थांबलेला नाही आणि आपणही थांबू नये. उलट टोकाला, शब्दकोड्यासारखा ‘मोजिपित्तान’ घ्या. नामकोचा हा २००१ सालचा गेम जपानी अक्षरे जुळवून शब्द करण्याचा आहे; त्याचे भाषांतर होऊच शकत नाही, दुसऱ्या भाषेत तो नव्याने रचावा लागेल. आपल्याला पाहायचे आहेत ते या दोन टोकांच्या मधले.

माझ्या यादीत सर्वांत वर ‘मदर ३’ आहे आणि यात नवे काही नाही. या विषयावर बोलणारे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. गेम बॉय ॲडव्हान्सवर २० एप्रिल २००६ रोजी आलेला हा गेम शिगेसातो इतोई यांनी लिहिला. इतोई हे जाहिरातींची वाक्ये लिहिणारे, म्हणजे मोजक्या शब्दांत माणसाला थांबवण्याचा धंदा असलेले लेखक आहेत. मालिकेतला दुसरा गेम अमेरिकेत १९९५ साली ‘अर्थबाउंड’ या नावाने आला होता, आणि पहिल्याचे त्या काळात तयार होऊन पडून राहिलेले इंग्रजी रूप २०१५ साली अधिकृतपणे विकले गेले; तिसरा तेवढा राहिला. ताझमिली नावाच्या गावात ही कथा घडते. गावात सुरुवातीला पैसा हा प्रकारच नाही. पुढे बाहेरून माणसे येतात, पैसा येतो, घरोघर ‘हॅपी बॉक्स’ नावाची खोकी येतात आणि तेच गाव, तीच माणसे हळूहळू वेगळे बोलू लागतात.

ही शेवटची बाब इथे कळीची आहे. गेम आठ प्रकरणांचा आहे आणि प्रकरण बदलले की गावकऱ्यांचे संवादही बदलतात. आधी जो शेजारी दार उघडे ठेवून हाक मारत होता, तो नंतर काय बोलतो आणि कोणत्या सुरात बोलतो, हे कळले नाही तर खेळणाऱ्याला फक्त रंग बदललेली घरे दिसतील. लढाईत पार्श्वसंगीताच्या ठेक्यावर बटण दाबत सलग सोळा फटक्यांपर्यंत जाता येते. ते भाषेविनाही जमते आणि मजेचे आहे. पण ‘मदर ३’ लढाईसाठी कोणी आठवत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये निन्टेन्डोने तो स्विचच्या सभासदांसाठी पुन्हा उपलब्ध केला, तोही फक्त जपानमध्ये आणि फक्त जपानी भाषेत.

दुसरे नाव ‘बोकू नो नात्सुयासुमी’चे, म्हणजे एका मुलाच्या उन्हाळी सुटीचे. मिलेनियम किचन या छोट्या संस्थेने केलेला आणि सोनीने २००० साली प्लेस्टेशनवर प्रसिद्ध केलेला हा गेम आहे. १९७५चा ऑगस्ट महिना आहे, आईचे दिवस भरत आल्यामुळे नऊ वर्षांच्या बोकूला खेड्यातल्या नातेवाइकांकडे ठेवले आहे आणि महिन्याचे एकतीस दिवस त्याने तिथे कसे घालवायचे ते आपण ठरवायचे आहे. शत्रू नाही, गुण नाहीत. मागचे चित्र हाताने रंगवलेले, कॅमेरा स्थिर. एका चित्रातून दुसऱ्या चित्रात गेले की वेळ पुढे सरकते. ओढ्याकाठी नुसते उभे राहिले तर दुपार तशीच थांबून राहते. किडे पकडावेत, भुंगेऱ्यांची कुस्ती लावावी, मासे धरावेत, रात्री चित्रांची रोजनिशी भरावी आणि झोपावे. मामाच्या गावाला सुटी काढलेल्या मराठी वाचकाला यातले काहीही समजावून सांगावे लागणार नाही.

मग भाषांतराची गरज कुठे येते? जेवणाच्या पंगतीत. घरातली मोठी माणसे जेवताना, व्हरांड्यात बसताना अर्धवट बोलतात. बोकूला त्यातले सगळे कळत नाही, पण खेळणाऱ्या प्रौढाला कळावे अशी रचना आहे. या घराला कोणते दुःख आहे, हे त्या अर्धवट बोलण्यातूनच उलगडते. भाषा न समजता खेळणाऱ्याला किडे मिळतात, पण घर मिळत नाही. मालिकेत पुढे २००२, २००७ आणि २००९ साली आणखी तीन मुख्य गेम निघाले, आणि चारही जपानमध्येच राहिले. मात्र याच संस्थेने केलेला शिनचॅनच्या सुटीचा गेम २०२२ साली आणि ‘नात्सु-मोन’ २०२४ साली इंग्रजीत आला. शिनचॅन आपल्याकडच्या मुलांना दूरदर्शन संचावरून चांगलाच माहीत आहे, त्यामुळे या शैलीची चव घ्यायची असेल तर तिथून सुरुवात करणे सर्वांत सोपे.

तिसरा गेम कमी ऐकलेला आहे: स्क्वेअरचा १९९६ सालचा ‘रुडोरा नो हिहो’. दर चार हजार वर्षांनी पृथ्वीवरच्या प्रमुख वंशाचा नाश होतो आणि आता पंधरा दिवस उरले आहेत, अशी त्याची कथा. तीन नायकांच्या गोष्टी वेगवेगळ्या खेळायच्या, आणि एकाने केलेल्या गोष्टींच्या खुणा दुसऱ्याच्या प्रवासात दिसतात. पण मला तो इथे आणायचा आहे तो त्यातल्या मंत्रांसाठी. इतर गेममध्ये मंत्र यादीतून निवडायचा असतो, इथे तो खेळणाऱ्याने स्वतः अक्षरे जुळवून टंकायचा असतो. काही अक्षरगट अग्नीचे, काही पाण्याचे. मूळ शब्दाच्या मागेपुढे विशिष्ट अक्षरे जोडली की जोर वाढतो किंवा एकाऐवजी सगळ्या शत्रूंवर परिणाम होतो. गावातल्या माणसांच्या बोलण्यातून आणि शत्रूने वापरलेल्या मंत्रांतून हे नियम आपण ताडत जायचे. म्हणजे भाषांतरकाराला संवादांसोबत हे मंत्रांचे व्याकरणही इंग्रजी अक्षरांत पुन्हा बसवावे लागेल. असे काम मूळ संस्थेच्या देखरेखीखाली झाले तर त्याला वेगळाच अर्थ येईल.

बाकीची नावे थोडक्यात. ‘फायर एम्ब्लेम’मधला १९९६चा ‘सेइसेन नो केइफू’ दोन पिढ्यांचा आहे. पहिल्या पिढीत कोणाचे लग्न कोणाशी होते त्यावर दुसऱ्या पिढीतल्या मुलांचे गुण ठरतात, आणि मध्यावर कथेला बसणारा धक्का जपानी खेळाडू आजही विसरलेले नाहीत. त्याच मालिकेतल्या २००२च्या गेमचा नायक रॉय याची तर गंमतच आहे: ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ या मारामारीच्या गेममुळे तो २००१ सालीच जगभर ओळखीचा झाला, पण त्याचा स्वतःचा गेम अधिकृत इंग्रजीत कधीच आला नाही. कोनामीच्या ‘पोलिसनॉट्स’ची इंग्रजी आवृत्ती नव्वदच्या दशकात जाहीर होऊन बारगळली. सेगाच्या सामुराई काळातल्या ‘र्यू गा गोतोकू’ गेमपैकी ‘इशिन’ २०२३ साली नव्या रूपात आला, पण २००८चा ‘केन्झान’ अजून वाट पाहतो आहे.

तिसरी पायरी : मूळ जपानी प्रत घ्यायची असल्यास

मूळ प्रत जवळ असावी असे वाटणे स्वाभाविक आहे, पण पैसे देण्याआधी काही गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट विजेची. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. जुन्या जपानी कन्सोलसोबत आलेला अडॅप्टर आपल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर तो जळतो आणि कधी कधी सोबत कन्सोललाही घेऊन जातो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि त्याची वॅट क्षमता कन्सोलच्या गरजेपेक्षा जास्त असल्याची खात्री करावी. मूळ फॅमिकॉम तर चित्र केवळ अँटेनाच्या जोडणीतून आणि जपानी वाहिनीच्या वारंवारतेवर देतो, त्यामुळे नवख्याने त्याच्या वाटेला न गेलेलेच बरे.

दुसरी गोष्ट प्रदेशबंदीची. गेम बॉय ॲडव्हान्स, पीएसपी (सोनीचे हातात धरून खेळायचे यंत्र) आणि स्विच यांना कोणत्याही देशाची कार्ट्रिज किंवा डिस्क चालते. जुने प्लेस्टेशन, प्लेस्टेशन २ आणि निन्टेन्डोचे ३डीएस यांना चालत नाही. म्हणून ‘बोकू नो नात्सुयासुमी’ची २००६ साली निघालेली पीएसपी आवृत्ती ही पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कपेक्षा व्यवहाराने सोयीची ठरते. सुपर फॅमिकॉमच्या अनेक कार्ट्रिजमध्ये खेळ साठवण्यासाठी एक बटण-बॅटरी डाख देऊन बसवलेली असते. तीस वर्षांत ती संपते, आणि ती संपली की गेम चालतो पण साठवलेले सगळे पुसले जाते. डाखकाम करणाऱ्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला ती बदलता येते. फक्त बॅटरी टॅब, म्हणजे डाख देण्यासाठी धातूच्या पट्ट्या, असलेली हवी, साधी बॅटरी चिकटपट्टीने बसवू देऊ नये.

तिसरी गोष्ट बनावट मालाची, आणि इथे फसण्याचे प्रमाण मोठे आहे. ‘मदर ३’ची इंग्रजी कार्ट्रिज, चकचकीत खोक्यासह, ऑनलाइन सर्रास विकली जाते. निन्टेन्डोने अशी कार्ट्रिज कधी काढलेलीच नाही, तेव्हा ती कितीही खरी दिसली तरी अनधिकृतच आहे. कोणीतरी चाहत्यांचे फुकट दिलेले भाषांतर उचलून त्यावर पैसे करतो आहे. तिला हात लावू नये. जपानहून मागवताना सीमाशुल्काचा खर्चही किमतीत धरावा.

प्रत हाती आल्यावर थोडे जपानी शिकण्याची तयारी असेल तर उत्तमच. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिपींत प्रत्येकी सेहेचाळीस मूळ अक्षरे आहेत आणि ती काही आठवड्यांत येऊ शकतात. फॅमिकॉमच्या काळातले बहुतेक गेम चित्रलिपी न वापरता याच अक्षरांत लिहिलेले आहेत. ‘मदर ३’चा बराचसा मजकूरही हिरागानात आहे. क्रियापद शेवटी ठेवण्याची आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे जोडण्याची जपानीची रीत मराठी माणसाला इंग्रजीपेक्षा जवळची वाटते. पुणे आणि मुंबई या दोन्ही शहरांत जपानीचे वर्ग आहेत आणि जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षाही तिथे जुलै व डिसेंबरमध्ये होते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारी ॲप मेनू वाचण्यापुरती उपयोगी आहेत. जुन्या गेममधली ठोकळेदार अक्षरे त्यांना नीट ओळखता येत नाहीत, त्यामुळे संवादांसाठी त्यांच्यावर विसंबू नये.

चौथी पायरी : चाहत्यांची भाषांतरे समजून घ्या

वर नाव घेतलेल्या बऱ्याच गेमची भाषांतरे चाहत्यांनी स्वतःहून, विनामोबदला केली आहेत. ‘मदर ३’चे भाषांतर क्लाइड मँडेलिन या व्यावसायिक भाषांतरकाराच्या पुढाकाराने ऑक्टोबर २००८मध्ये पूर्ण झाले, आणि २०१३ साली त्यांनी तो मजकूर निन्टेन्डोला मोफत देऊ केला. ‘पोलिसनॉट्स’चे भाषांतर २००९ साली आले.

अशी भाषांतरे सहसा पॅच म्हणून वाटली जातात. पॅचमध्ये मूळ गेम नसतो, फक्त मूळ आणि भाषांतरित आवृत्तीमधला फरक असतो, आणि तो लावण्यासाठी आपल्या कार्ट्रिजमधून काढलेली फाइल आपल्याजवळ असावी लागते. पॅच बीपीएस प्रकारचा असेल तर फाइल योग्य आहे की नाही हे तो स्वतः तपासतो. आयपीएस प्रकारचा असेल तर चुकीच्या फाइलवरही तो मुकाट्याने लागतो आणि गेम भलत्याच ठिकाणी बंद पडतो, म्हणून सोबतच्या टिपेतला तपासणी क्रमांक आधी जुळवावा.

कायद्याच्या दृष्टीने हे काम स्वच्छ मोकळे नाही. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार भाषांतराचा हक्क मूळ हक्कदाराचा आहे. विकत घेतलेल्या संगणक प्रोग्रॅमची सुरक्षिततेपुरती प्रत ठेवण्याची मुभा त्या कायद्यात असली, तरी इंटरनेटवरून अख्खा गेम उतरवून घेणे त्या मुभेत बसत नाही. आणि चाहत्यांचे भाषांतर कितीही उत्तम असले तरी मूळ लेखकाला त्यातून काही मिळत नाही व आजच्या यंत्रावर तो गेम दुकानात दिसत नाही. अधिकृत आवृत्तीची मागणी करण्याचे कारण तेच आहे. दोन्ही वाटा एकत्र येऊ शकतात, याचे चांगले उदाहरण ‘ट्रेल्स फ्रॉम झिरो’चे आहे: जिओफ्रंट या चाहत्यांच्या गटाने केलेले भाषांतर प्रकाशकाने रीतसर घेतले आणि त्यावर बेतलेली आवृत्ती २०२२ साली विक्रीला आणली.

पाचवी पायरी : कंपनी का कचरते, ते जाणून घ्या

मागणी करण्याआधी समोरच्याची अडचण माहीत असावी. जुन्या गेममध्ये मजकूर वेगळ्या फाइलीत ठेवलेला नसतो, तो यंत्राच्या भाषेतल्या कोडमध्ये गुंफलेला असतो. जपानी अक्षरे सारख्याच रुंदीच्या चौकोनांत बसतात, म्हणून त्या काळच्या गेममध्ये प्रत्येक अक्षराला तेवढीच जागा नेमून दिलेली असे. त्याच चौकोनांत इंग्रजी बसवले की ‘आय’भोवती भगदाड पडते आणि ‘डब्ल्यू’ची घुसमट होते, म्हणून अक्षरागणिक रुंदी बदलणारी नवी व्यवस्था लिहावी लागते. वस्तूच्या नावाला मूळ गेममध्ये समजा आठच घरे असतील, तर जपानीत पुरेसे बसणारे नाव इंग्रजीत दुप्पट होते आणि मेनूची चौकट नव्याने आखावी लागते. मजकूर फुगला की तो ठेवायला कार्ट्रिजवर जागा उरत नाही. चाहते यात वर्षे घालवतात ती इथेच.

कंपनीजवळ मूळ साहित्य असेलच असेही नाही. ‘किंगडम हार्ट्स’सारख्या २००२ सालच्या गाजलेल्या गेमचेही मूळ साहित्य हरवल्यामुळे त्याची नवी आवृत्ती करताना स्क्वेअर एनिक्सला बरेचसे पुन्हा घडवावे लागले. मग कमी खपलेल्या गेमची कथा काय असेल, याची कल्पना करता येते. हक्कांचाही गुंता असतो: ‘लाइव्ह अ लाइव्ह’ची पात्रे सात वेगवेगळ्या मंगा (जपानी चित्रकथा) चित्रकारांनी रेखाटली होती, आणि कॅपकॉमचा १९८९चा ‘स्वीट होम’ एका चित्रपटाला जोडून निघाला होता. अशा ठिकाणी एकट्या कंपनीच्या होकाराने भागत नाही.

सहावी पायरी : मागणी नोंदवा

मागणीचा उपयोग होतो का? कधी कधी होतो. २०११ साली ‘ऑपरेशन रेनफॉल’ या नावाने अमेरिकेतल्या खेळाडूंनी निन्टेन्डोच्या वी या कन्सोलवरच्या तीन गेमसाठी मोहीम उघडली आणि पुढे तिन्ही गेम तिथे आले. पहिला ‘झेनोब्लेड’ एप्रिल २०१२मध्ये आला. त्यांनी पत्रे पाठवलीच, शिवाय दुकानात आगाऊ नोंदणी करून पैसे मोजण्याची तयारीही दाखवली. याउलट ‘मदर ३’साठी वर्षानुवर्षे सह्या गोळा झाल्या आणि गेम आला नाही. सह्यांपेक्षा विकत घेणाऱ्यांच्या नोंदींना प्रकाशक अधिक वजन देतो, असा याचा अर्थ मी लावतो.

म्हणून मागणी अशी करावी. त्याच मालिकेतले किंवा त्याच संस्थेचे जे गेम अधिकृतपणे आले आहेत त्यांतला एक तरी पूर्ण किमतीला घ्यावा आणि खेळून त्यावर परीक्षण लिहावे. नंतर कंपनीच्या अधिकृत अभिप्राय-पानावर छोटे पत्र लिहावे: गेमचे मूळ जपानी नाव, वर्ष, आपल्याकडे कोणते यंत्र आहे, आधी काय घेतले आहे आणि हा गेम कोणत्या भाषेत घेण्याची तयारी आहे. गेमची थोरवी तीन परिच्छेदांत वर्णू नये. ती त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. चाहत्यांचा भाषांतरित मजकूर पत्राला जोडू नये, कारण न मागता आलेले साहित्य कंपन्या वाचण्याचेही टाळतात. सर्वेक्षण निघाले तर ते भरावे. कॅपकॉमने २०२४ साली आपल्या मालिकांविषयी जगभरच्या खेळाडूंची मते ऑनलाइन मागवली होती आणि निकालही जाहीर केले होते.

स्टीमवर एखाद्या जुन्या गेमची नवी आवृत्ती जाहीर झाली की ती लगेच विशलिस्टमध्ये, म्हणजे हव्या असलेल्या गेमच्या यादीत, टाकावी, घेणार असलो तरी आणि किंमत उतरण्याची वाट पाहणार असलो तरी. कोणत्या देशातून किती जणांनी ती टाकली आहे, हे प्रकाशकाला दिसते. खात्याचा देश स्वस्ताईसाठी भलता लावून ठेवला असेल तर ही नोंद त्या देशाच्या खाती जमा होते, तेव्हा तो भारत आहे ना, एवढे सेटिंगमध्ये पाहून घ्यावे.